दंतपाहणी करून घेतलेला संगणक

सन १९९५च्या मार्चमध्ये माधवनगरच्या आमच्या विणकर सोसायटीने संगणक घेण्याचा ठराव केला. उद्देश दोन होते: कार्यालयीन काम आणि चेअरमन लालासाहेबांचा दुपारचा पत्त्यांचा डाव. दुसऱ्याला ठरावात ‘हलके संगणकीय प्रशिक्षण’ म्हटलं होतं. कारकून त्रिशला सात वर्षं हंगामी होती. संगणक आला की तिला ऑपरेटर म्हणून कायम करायचं ठरलं होतं. त्यासाठी सहा महिने सायकलने सांगलीला जाऊन तिने कोर्सही केला होता.

प्रोसेसर निवडायला त्रिसदस्यीय समिती नेमली: लालासाहेब, बिराप्पा आणि मी. बिराप्पा मूळचे माणचे मेंढपाळ. दात बघून मेंढराचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे खरेदी कसलीही असो, ते समितीत असतच.

दुकानदार राजरत्नने टेबलावर तीन प्रोसेसर मांडले. “तुमच्या कामाला आन् खेळाला ४८६ पुरं होतंय,” तो म्हणाला. “पेंटियम महाग पडंल. ३८६ आता जुनं झालं.”

बिराप्पांनी ४८६ उलटा केला. “दात लय हायेत रं ह्याला.”

“काका, त्या पिना हायेत.”

“असंनात.” ते मोजू लागले. ४८६ला एकशे अडुसष्ट, पेंटियमला दोनशे त्र्याहत्तर, ३८६ला एकशे बत्तीस. मोजणीत दोनदा चहा झाला. “वय वाढंल तसं दात वाढत्यात, गड्या. ह्यो पेंटियम तर पार म्हातारा. कवळं हे एकशे बत्तीसवालं.”

“आवं काका, उलटं हाय,” आमच्यासोबत दुकानात आलेली त्रिशला कळवळून म्हणाली. “तेच सगळ्यात जुनं. म्या शिकलेलं त्येच्यावर चालायचं न्हाई.”

“तू समितीत हायस का?” लालासाहेबांनी विचारलं.

ती नव्हती. ‘प्रत्यक्ष दंतपाहणीअंती सर्वांत तरुण प्रोसेसर’ अशी शिफारस झाली. मला सगळं कळत होतं, लाजही वाटली. पण पुढच्या समितीतही मला यायचं होतं. मी सही केली.

संगणक आला. त्रिशलाचा प्रोग्रॅम सुरू होता होताच बंद पडे. पत्ते मात्र चालत. एक पत्ता उलटेपर्यंत लालासाहेबांचा चहा पिऊन होई. मग संचालक मंडळापुढे रास्त प्रश्न उभा राहिला. संगणकावर काम होत नाही, तर ऑपरेटर कशाला? आणि संगणकीकरण झालंच आहे, तर कारकून तरी कशाला?

तसा ठराव वार्षिक सभेत आला. शेजारच्या मांडवात मसालेभात तयार होता. त्रिशला उठली. “मला दोन मिनिटं बोलायचंय.”

“भात गार हुतोय!” मागून आवाज आला.

हात वर झाले. इतिवृत्त लिहायचं काम त्रिशलाचंच. विरोधात कोणी आहे का, म्हणून तिने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. वाचकहो, त्या रांगांत तुम्हीही होतात; तिची नजर तुमच्यापाशी थोडी थांबली. मग मान खाली घालून तिने लिहिलं: एकमताने मंजूर.