दुपारची झोप मोडण्याची पद्धत

लीनाच्या पावलांवर सूज दिसली तेव्हा डॉक्टर सुरेखांनी औषध लिहून दिलं नाही. त्या मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे चंदीगडच्या दवाखान्यातही मराठी पेशंटवर मराठीतूनच रागवायच्या. "दुपारचं जेवण झालं की डाव्या कुशीवर आडवं व्हायचं आणि झोपायचं," त्या म्हणाल्या. "रक्तदाब आणखी चढला तर इथं आणून झोपवीन. मग बाळंत होईपर्यंत घर विसरा."

लीनाला सातवा महिना होता. हा उपाय तिला जमण्यासारखा होता, कारण दोन वर्षांची चित्रा दुपारी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची आणि तिच्याबरोबर लीनालाही डोळा लागायचा. सेक्टर बावीसमधल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत तेवढाच वेळ कुणी तिच्याकडे काही मागत नसे.

अडचण एवढीच, की दुपारी झोपलेली चित्रा रात्री उशिरापर्यंत खेळायची, आणि तिचे वडील श्यामकांत यांना सकाळी सेक्टर सतरातल्या केंद्र सरकारी कचेरीत ताजंतवानं पोचायचं असे.

"आत्ता एक आहे, पुढं दोन होतील," श्यामकांत म्हणाला. "दोघं मिळून जागवायला लागली तर मी ऑफिसात काय करायचं?"

"झोपायचं," लीना म्हणाली. "बाकीचे तेच करतात, असं तुम्हीच सांगता."

हे उत्तर त्याला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सेक्शनमधल्या विश्वासला चहाला घेऊन आला. विश्वासचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे मुलं वाढवण्याबाबत त्याच्या मनात कसलीच शंका नव्हती.

"वहिनी, साधी गोष्ट आहे," बिस्कीट चहात बुडवत तो म्हणाला. "दुपारी झोपली की रात्री झोपत नाही. दुपारी जागं ठेवा. रात्री पक्की झोपेल, बघा."

"जागं कोण ठेवणार?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू घरीच असतेस की," श्यामकांत म्हणाला.

"आणि डॉक्टरांनी सांगितलंय त्याचं काय?"

"तू पड ना, कोण नको म्हणतंय? पडल्या पडल्या तिच्याशी बोलत राहायचं. सवय लागेपर्यंतचा प्रश्न आहे."

श्यामकांतनं या उपायाला 'पद्धत' असं नाव दिलं. नाव दिल्यावर त्याचं त्यातलं काम संपलं.

पडल्या पडल्या बोलून चित्रा जागी राहीना. ती पेंगायला लागली की लीना उठून तिच्या तोंडावर पाणी मारायची, गच्चीवर नेऊन उन्हात उभी करायची, खालच्या रस्त्यावरची रिक्षा दाखवायची. रिक्षा बघता बघता चित्रा उभ्यानंच डोळे मिटायची. झोपणाऱ्या लेकराला हलवून उठवण्याइतकं पापाचं काम लीनानं आजवर केलं नव्हतं. खाली राहणाऱ्या पंजाबी म्हातारीनं एकदा वर बघून विचारलंही, "पुत्तर, बच्ची को सज़ा किस बात की दे रही है?"

एवढं करून व्हायचं असं, की श्यामकांत ऑफिसातून येईपर्यंत चित्रा हातातल्या टोस्टसकट कोलमडलेली असायची. मग ती रात्रीच्या जेवणाच्या वेळेला उठायची आणि आधीपेक्षाही जास्त जागायची.

"अंमलबजावणीत ढिलाई होतेय," श्यामकांतनं निष्कर्ष काढला.

ढिलाई भरून काढायला त्यानं स्कूटर काढली. जेवणं झाल्यावर एक फेरी मारली की चित्रा वाऱ्यानं पेंगते, असं त्याच्या लक्षात आलं होतं. पण झोपलेलं मूल पुढं उभं राहत नाही, म्हणून त्याला धरायला मागच्या सीटवर माणूस हवं होतं. तेही घरात होतं. चित्राला दोघांच्या मध्ये कोंबून, तोल सावरत, सातव्या महिन्याची लीना रोज रात्री चंदीगड पाहू लागली.

स्कूटर थांबली की चित्रा जागी व्हायची. त्यामुळे श्यामकांत सिग्नल टाळून चौकातल्या गोल बागेभोवतीच फिरत राहायचा. एका रात्री तिथल्या वाहतूक पोलिसानं त्यांना अडवलं.

"बाऊजी, रास्ता भूल गए हो?"

"नहीं जी. बच्ची को सुला रहे हैं।"

पोलिसानं चित्राकडे पाहिलं, मग लीनाच्या पोटाकडे पाहिलं. "कौन-सी वाली को?"

तेवढ्यात चित्रा उठली आणि "गाडी" म्हणून रडू लागली. हळूहळू ती दुपारीही गाडी मागायला लागली. गाडी ऑफिसला गेलेली असायची. पदराचं टोक आता तिला नको होतं. आता ती दुपारी खरोखरच झोपेनाशी झाली. श्यामकांतच्या मते हे पद्धतीचं यश होतं.

अशा अवस्थेत डोहाळजेवणाचा दिवस आला. नलिनीताई म्हणजे चंदीगडच्या मराठी बायकांच्या पुढारी. त्यांचे यजमान मोठे इंजिनिअर. त्यांनी कोल्हापूरहून ट्रकनं शिसवी झोपाळा आणवून सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात टांगला होता. त्याच्या कड्या परवानगीशिवाय ठोकल्या होत्या, तरी तो सगळ्यांना दाखवता यावा म्हणून नलिनीताई दर गर्भारशीचं डोहाळजेवण आपल्याकडेच करत.

हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून त्यांनी लीनाला झोपाळ्यावर बसवलं. चित्रा तिच्या मांडीवर चढून बसली.

"आता सांग हं," नलिनीताई म्हणाल्या. "कसले डोहाळे लागलेत? लाजायचं नाही. मागशील ते पुरवायचं असतं आम्हाला."

"झोपेचे," लीना म्हणाली.

बायका हसून हसून वाकल्या. "गुणाची गं," कांचनवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. मग पुरवायचं म्हणून त्यांनी तिच्यापुढं पाच प्रकारचे भात मांडले.

गाणी सुरू झाली. बायका तालावर झोपाळा हलवू लागल्या. दुसऱ्या कडव्याला चित्राची मान कलली. तिनं झोपेतच चाचपून पदराचं टोक शोधलं आणि मुठीत धरलं. गाणं संपलं तेव्हा लीनाही झोपली होती.

"अगं बाई, ओटी राहिलीय."

"गर्भारशीला उठवू नये म्हणतात."

"मग काय झोपलेलीची भरायची?"

बराच खल होऊन तशीच भरली. नारळ झोपाळ्यावर टेकवून ठेवला, तो घरंगळून एका भातात पडला. तरीही लीना उठली नाही. मुलगा की मुलगी ते ओळखायच्या झाकलेल्या दोन वाट्या तशाच राहिल्या आणि पेढ्याला मुंग्या लागल्या. बायका कुजबुजत जेवल्या.

संध्याकाळी पुरुषमंडळी आली. श्यामकांतनं बायकोचा खांदा हलवला. "अगं ऊठ. लोक काय म्हणतील? आणि हिला कशाला झोपू दिलंस? सगळी मेहनत पाण्यात."

लोक काय म्हणाले ते आठवड्याभरात कळलं. "श्यामकांतराव मुलीसाठी रोज स्कूटर काढतात," नलिनीताई भेटेल तिला सांगत होत्या, "आणि ही आपल्या डोहाळजेवणात घोरते. नशीब लागतं हो एकेकीला."

पुढच्या तपासणीत डॉक्टर सुरेखांनी लीनाच्या दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा एकदा बांधून पाहिला. "दुपारी झोपत होता का?"

लीनानं श्यामकांतकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे बघत होता.

"आज संध्याकाळी दाखल व्हा."

"पण आई पुढच्या महिन्यात यायचीय," श्यामकांत म्हणाला. "तोवर घरी मुलीला कोण बघणार?"

"तुम्ही आहात की," डॉक्टर म्हणाल्या.

लीना पिशवी भरायला लागली तेव्हा तो तिच्या मागं मागं फिरत होता. चित्रा त्याच्या खांद्यावर "गाडी, गाडी" म्हणत होती.

"हिला दुपारी झोपवायचं कसं?"

"झोपवायचं नाहीच ना," लीना साड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "पद्धत आहे की."

दवाखान्यात लीना झोपली. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती, नळ गळत होता, ट्रॉल्या खडखडत होत्या. महिन्याभरात इतकी शांतता तिला मिळाली नव्हती.

काही दिवसांनी दुपारी भेटायच्या वेळेला श्यामकांत आला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वरच्या काजात. त्यानं चित्राला खाटेवर सोडलं. दवाखान्याच्या झग्याला पदर नव्हता. चित्रानं चादरीचं टोक मुठीत घेतलं, आईच्या कुशीत सरकली आणि झोपली.

"कशी आहेस?" श्यामकांतनं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून तोही झोपला. त्याचं तोंड उघडं पडलं.

नर्स फेरीवर आली. तिनं चित्राच्या अंगावर चादर सारखी केली आणि श्यामकांतकडे पाहून तिचा चेहरा मऊ झाला. "बेचारे। इधर सोना मना है, पर रहने दूँ बहनजी? बहुत थके हुए हैं।"

लीनानं नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं. महिन्याभरात तिच्याबद्दल असं कुणी विचारल्याचं तिला आठवेना.

"नहीं सिस्टर, उठा दीजिए," ती म्हणाली. "दोपहर को सो गए, तो रात को सोते नहीं।"

आणि ती डाव्या कुशीवर वळली.