नंदाच्या चाकांवरचं पाणी

आमची नंदा माती खाते. लहान पोरं खातात तशी नव्हे. चांगली घोडनवरी झाली आहे, तरी कुठंही गेली की वाकते, चिमूटभर माती उचलते, चोळते, हुंगते आणि जिभेच्या टोकावर ठेवून डोळे मिटते. मग निकाल देते. खटकचिंचोळीला एका लग्नात मांडवाच्या दारातच ती अशी वाकली. एका आजीबाईंना वाटलं, पोरगी भूमीला नमस्कार करतेय. त्यांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंदा म्हणाली, "आज्जी, हितं गाडी घसरल बघा, पण गुमान घसरल."

आजीबाईंनी हात काढून घेतला.

नंदा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. अक्का, म्हणजे नंदाची अव्वा, राजेश्वरला राहते, मी बसवकल्याणला कापडाचं दुकान चालवतो. आणि नंदा मोटारींच्या शर्यतीत उतरते. डांबरी रस्त्यावरच्या नव्हे, मातीवरच्या. पड रानात वाटोळा रस्ता आखायचा, त्यावर सात-आठ मोटारी सोडायच्या आणि धुळीतून जी आधी बाहेर येईल ती पहिली, असा एकूण प्रकार. तिचे वडील प्रवासी जीप चालवायचे. ते गेले, जीप विकली, पण तोवर पोरगी चालवायला शिकली होती. पुढं दुधाचा टेम्पो, ट्रॅक्टर, जे हाती येईल ते तिनं चालवलं आणि एक जुनी मोटार घेतली. काचा काढल्या, दारं वेल्डिंगनं कायमची बंद केली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवून घेतला. ये-जा खिडकीतून. अक्का म्हणाली, "पिंजऱ्यात बसायलीस, सर्कस हाय व्हय ग ही?"

नंदाचं शास्त्र मात्र पक्कं. "माती दोन तऱ्हेची, मामा. तांबडी लेकरावानी, रुसली तरी लगीच ऐकती. काळी सासूवानी. कोरडी हाय तवर बरी, वली झाली की पाय धरती, सोडत न्हाई." आणि ब्रेकबद्दल तर तिचं ठाम मत आहे. "ब्रेक म्हंजे पाव्हणा. रोज रोज बोलवू न्हाई."

सरावाला ती मला शेजारी बसवते. गाडीचा वेग दाखवणारा काटा केव्हाच मेलेला आहे.

"कामून घाबरायलाव, मामा? तुम्ही वरडलाव की मला कळतं, वेग बरा हाय."

"वजनच पाहिजे तर तुरीचं पोतं ठेव की!"

"पोतं वरडत न्हाई."

खरं सांगतो, वळणावर ती गाडी आडवी टाकते, तेव्हा मी देवाचं आणि बायकोचं नाव एका दमात घेतो. पण पुढच्या रविवारी दुकानाचं शटर ओढून मीच आधी तयार असतो! असली मजा कापड मोजण्यात नाही.

तिची पहिली शर्यत कलबुर्गीच्या बाहेर, एका पड रानात होती. आमच्याकडं गाडी चांगल्या कामाला निघाली की चाकांवर पाणी घालतात. घालायचं सवाष्णीनं. आता आमचं घर शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, वचनांवर वाढलेलं. सवाष्ण आणि विधवा असला भेद आम्ही मानत नाही, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. सभेतून घरी आलो की अक्का आपली हळदी-कुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसते आणि आम्ही कोणी तिला बाहेर बोलवत नाही.

नंदानं भरली घागर अक्काच्याच हातात दिली. अक्का मागं सरली.

"मी नगं ग. कुण्या सवाष्णीला बोलीव."

"तुझ्याबिगर कोन हाय मला? वत."

अक्काचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तिनं थेंब ठेवला नाही, सगळी घागर चाकांवर रिकामी केली. काळ्या मातीत!

झेंडा पडला. बाकीच्या गाड्या गेल्या. नंदाची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि त्यांनी आम्हा सगळ्या आप्तेष्टांना नखशिखांत चिखलानं न्हाऊ घातलं. ढकलून ढकलून गाडी बाहेर काढली, तोवर बाकीच्यांचा एक फेरा झाला होता. नंदा शेवटची आली आणि पोट धरून हसली. पण गर्दीत कोणीतरी बाई बोलून गेली, "त्या बाईला कामून पानी घालाय लावलं म्हंते मी!" ते अक्कानं ऐकलं.

त्यानंतर अक्कानं हात आखडला तो आखडलाच. शेजारच्या बारशाला गेली नाही. ते बाळ दारात आणून दिलं, तरी मांडीवर घेईना. म्हणाली, "हात चांगला न्हाई माजा."

एका रविवारी सरावात नंदानं मधेच गाडी बंद केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं, सुटलो.

"मामा, मी त्या दिवशी माती चाखली व्हती. काळी हाय, पानी पडलं की गाडी रुतनार, हे मला ठावं व्हतं. पन अव्वाच्या तोंडाकडं बघितलं अन् तिला थांबवावं वाटलं न्हाई." तिनं स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "मी हरले तर हरले. पन अव्वानं पानी घातलेली गाडी औंदा पुढं गेली न्हाई, तर ती जलमात कुनाच्या कामाला हात लावनार न्हाई. मला लई भ्या वाटायलंय, मामा."

भीती हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

दुसरी शर्यत त्याच रानात झाली. अक्का आली, पण टेम्पोच्या आड उभी राहिली. गाड्या रांगेत लागल्या. नंदा खिडकीतून बाहेर आली, चारही चाकांपुढं तुरीची रिकामी पोती अंथरली, पुन्हा आत शिरून चाकं पोत्यांवर घेतली आणि हाक मारली, "अव्वा! घागर आन!"

अक्का हलेना. पंच म्हणाला, "चला, वेळ झाली." नंदानं सरळ इंजिन बंद केलं.

"पानी पडल्याबिगर मी निघत न्हाई."

मी अक्काला दंडाला धरून आणलं. कानात म्हणालो, "वंजळभरच घाल ग."

"घागरभर!" आतून आवाज आला.

अक्कानं डोळे मिटले आणि पाणी ओतलं. झेंडा पडला. पोती मागं उडाली, एक माझ्या डोक्यावर बसलं, ते काढेपर्यंत नंदा चौथी होती! मग तिसरी! पाव्हण्याला तिनं काही बोलावलं नाही. गाडी आडवी होत होती, सावरत होती आणि मी बांधावर उभा राहून, गाडीत बसल्यासारखा बोंबलत होतो. शेवटच्या वळणावर पुढची निळी गाडी बाहेर फेकली गेली आणि आतल्या बाजूनं नंदा घुसली.

अक्काचे डोळे अजून मिटलेलेच. "गेली का? पुढं गेली का रे?"

"गेली, अक्का! दुसरी आली!"

धूळ बसतेय तोच एक धिप्पाड मिशीवाला गडी आमच्याकडं आला. पुढच्या शर्यतीत त्याची गाडी होती. तो अक्कापुढं वाकला. "अक्का, माझ्या बी गाडीवर एक घागर घाला की."

अक्कानं गोंधळून नंदाकडं पाहिलं. नंदा अर्धी खिडकीबाहेर होती. "जा की अव्वा. दोन घागरी वत. त्यानं पोती अंथरली न्हाईत!"

सगळे हसले. तो गडी पोती शोधायला पळाला. अक्कानं घागर भरून घेतली, पदर खोचला आणि माणसांच्या गर्दीतून, सगळ्यांच्या देखत, मैदानातून सरळ चालत निघाली. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते.

"मामा," नंदा हळूच म्हणाली, "अव्वा मधनं चालायलीय बघा."

भोंग्यावर तिचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. ती आईकडं बघत तशीच खिडकीत बसून होती. दुसऱ्या नंबरचा करंडक शेवटी मीच जाऊन घेतला.