पेट्रोलच्या वाफेची मोहीम

कुलस्वामिनीस नमन, ग्रामदैवतास नमन, आणि ज्यांस कळत नसता कळते असे वाटते त्यांस दुरूनच नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमीचे वर्तमान ऐसे जे, थोरले महाराज कार्तिकात कैलासवासी जाहले आणि मागे त्यांची मोटार राहिली, आणि तिजमध्ये पेट्रोलचा असा वास सुटला की मातुश्री आत बसताच त्यांस मळमळू लागे, आणि सुकाणूच्या चाकापुढील पाटीवर पिवळा दिवा लागला तो विझेना. तेव्हा काकासाहेब बोलिले, "एकादशीपावेतो वास गेला नाही तर भंगारवाल्यास बोलावितो." कन्या इंदुमतीबाई यांस मोटार द्यावयाची नव्हती. मग त्यांनी ती राज्यातील थोर कारखान्यात नेली.

तेथील सरदार गुणाजीराव खरमाटे मोठे पराक्रमी. त्यांनी यंत्र लाविले, आणि यंत्राने सांगितले की टाकीची वाफ निसटते, आणि कोठून ते सांगितले नाही. तितक्यावर सरदारांनी टाकीचे झाकण बदलविले आणि यंत्रानेच दिवा पुसविला आणि फत्ते जाहली म्हणोन जाहीर केले. अष्टमीस दिवा पुन्हा लागला. मग वाफ शोषणारी कोळशाची डबी नवी बसविली, दिवा पुसविला, पुन्हा फत्ते. दिवा विझविणे यासच त्या दरबारी चिकित्सा म्हणत, आणि महाराजांचा खोकला दाबणारे वैद्यही त्याच शाळेचे होते.

दशमीस तिसऱ्यांदा दिवा लागला. बाईंनी विचारिले, "गळती पाहिलीत का?"

"मॅडम, वाफ कधी दिसते का? वीस वर्षं काढली या धंद्यात."

"मग बदलता ते कशावरून?"

"बदलता बदलता सापडतं."

बाई उठल्या आणि मोटार घेऊन गावाबाहेर हुसेनभाईंच्या पत्र्याच्या शेडात गेल्या. हुसेनभाईंनी काहीएक बदलले नाही. त्यांनी टाकीच्या नळ्यांत हळूहळू धूर सोडिला आणि विजेरी घेऊन मोटारीखाली निजले, आणि थोड्याच वेळात हाक मारिली, "ताई, इकडे वाका." मागील चाकापाशी नळी उंदराने कुरतडली होती आणि तेथून धुराची बारीक रेघ येत होती. शेजारीच सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती.

"हे कुण्या महाभागाचं काम? भोक इथं, पट्टी तिथं!"

"वडिलांचं," बाई बोलिल्या. "त्यांना कुणाच्या हाताचा भरवसा नसे."

हुसेनभाईंनी विजेरी पट्टीवर वळविली. मग पट्टी चाचपून म्हणाले, "गाठ मात्र झकास आहे. अजून सुटत नाही."

"जागा चुकली."

"त्यांना वास आला असणार. वाफ कुठून दिसणार?" मग कात्री हाती घेऊन विचारिले, "नळी बदलायची तर ही कापावी लागेल. कापू?"

बाई वाकलेल्याच राहिल्या. विजेरी त्यांनी आपल्या हाती घेतली आणि गाठीवर नीट धरिली.

"कापा."

नवी नळी बसली, पुन्हा धूर सोडिला, तो कोठूनही बाहेर आला नाही, आणि मगच दिवा पुसला. एकादशीस मातुश्री मोटारीत बसून देवळापर्यंत गेल्या आणि आल्या, आणि काकासाहेबांनी भंगारवाल्यास वाटेतूनच परतविले. पौष सरला तरी दिवा लागला नाही.

ऐसी ही मोहीम. खरमाटे सरदारांची दोन वेळा फत्ते जाहली, ती त्यांजपाशी राहो. मोटार घरी राहिली. महाराजांच्या हातची तिजवर एक गाठ होती, ती राहिली नाही.