दुसऱ्या मजल्यावरील दुःखाबाबत

दुःख ही माणसाची खासगी मालमत्ता आहे आणि खासगी मालमत्ता जिन्यात आणू नये, असा आमच्या वाशिंदच्या गृहनिर्माण संस्थेचा नियम आहे. (सायकली आणि चपलांची कपाटं यांनाही तो लागू आहे.) सेक्रेटरी या नात्याने त्याची अंमलबजावणी मीच करतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या संजीवनीबाईंचा एकुलता एक मुलगा २००३च्या गणपतीत काविळीने गेला, तेव्हा संस्थेने कमालीचा समजूतदारपणा दाखवला. फलकावर श्रद्धांजली लावली, आरतीचा कर्णा जरा हळू केला, आणि बाईंना त्रास नको म्हणून त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नाही. बाई मूळच्या डोळखांबकडच्या. तिकडे मयताच्या घरी बायका भाकरी बांधून येतात आणि गळ्यात पडून हेल काढून रडतात. तसं कोणीतरी यावं, एवढंच बाईंना हवं होतं. शेवटी एका दुपारी त्यांनी एकटीनेच हेल काढून पाहिला. खाली आमचा क्रिकेटचा सामना चालू होता. मी वर जाऊन समजावलं, त्यानंतर तक्रार नाही.

डिसेंबरात मुंबईची सिनेमावाली मंडळी आली. उपनगरातलं एक कुटुंब मुलाच्या मृत्यूतून कसं सावरतं, असा पारितोषिकाला योग्य विषय होता. संजीवनीबाईंच्या घरात दुःखाला साजेसा उजेड सापडला. घरात माणसं येतील म्हणून बाई लगेच हो म्हणाल्या. त्यांच्या मुलाचा हार घातलेला फोटो भिंतीवर होताच, पण पोरगा हसत होता, त्यामुळे गेल्यासारखा वाटेना. तो काढून तिथे ईशान नावाच्या पात्राचा गंभीर फोटो लावला. बाईंचा चेहराही आईचा वाटेना, म्हणून त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि फोटोखाली आई म्हणून एक नटी बसवली. (खऱ्या माणसांना अभिनयाची समज कमीच असते.)

धोंडीबाई ही बाईंची माहेरची चुलती. भाताची झोडणी उरकेपर्यंत तिला निघता आलं नव्हतं. ती तीन बायका आणि भाकऱ्या घेऊन ऐन चित्रीकरणात शिरली, आणि रीतीप्रमाणे फोटोखाली बसलेल्या बाईच्या गळ्यात पडून रडू लागली. नटी घाबरली, दिग्दर्शक खूश झाले. मग धोंडीबाईने मान वर केली.

"हा आमचा पोर नाय," ती म्हणाली. "आमचा कुठं हाय? न संजी कुठं हाय गो?"

गॅसच्या टाकीमागे ठेवलेला फोटो छातीशी धरून संजीवनीबाई बाहेर आल्या. पुढचं रडणं पार तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. दिग्दर्शकांनी तो भाग भडक म्हणून गाळला, मी नोटीस बजावली. भाकऱ्या मात्र सगळ्यांनी चवीने खाल्ल्या.

सिनेमा कल्याणला लागला, तेव्हा संस्थेने खास बस केली. आई खिडकीतून बाहेर बघते, बघतच राहते. शंभर टक्के सभासद रडले (झोपलेले वगळून). परतल्यावर ईशानसाठी शोकसभेचा ठराव एकमताने मंजूर झाला.

वाचकहो, आपणही हळहळला असालच. ईशानचं नाव आपल्या लक्षात आहे. संजीवनीबाईंच्या मुलाचं नाव मी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाहीत. असेच सभासद आम्हाला हवेत. बाई डोळखांबला निघून गेल्या, जागा रिकामी आहे. केव्हाही या.