पाव्हण्याला बसायला काय टाकू?

आमच्या शेजारच्या दत्तूआबांच्या ओसरीवर चारच्या सुमाराला एका रिकाम्या खुर्चीपुढं वाफाळता चहा ठेवलेला असतो. नवीन दूधवाल्यानं एकदा विचारलं, पाव्हणं कुठलं? आबा म्हणाले, "सैबेरियाचं. थंडी लई हाय तिकडं." दूधवाला बिचारा खुर्चीला रामराम घालून गेला.

आबा म्हणजे कालव्यावर पाणी सोडता सोडता रिटायर झालेले. आणि मुक्ता म्हणजे आमच्या सांगवीतली, मागच्या आळीतली पोर. ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. पुस्तकं आपली आपण वाचते. आई बारामतीला बँकेत, तिला कुठला वेळ? तेव्हा पोरीला वाचलेलं कळलं का, हे बघायचं काम आबांनी मागून घेतलं. गोष्टीचा सारांश नाही, तात्पर्य नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची त्यांची जुनी सवय, तोच प्रश्न पुस्तकाला. "त्यातला पाव्हणा दारात आलाय. बसायला काय टाकू?"

तुम्हाला वाटेल, सोपं आहे. एकदा मुक्तानं राजाला खुर्ची दिली. आबा म्हणाले, "आगं, राज्य गेलंय त्याचं. लपत-छपत आलाय त्यो. परत वाच." दुसऱ्या दिवशी तिनं राजाला दाराआड घोंगडीवर बसवलं आणि चहाआधी पाणी दिलं. आबा खूश. दीपगृहातला म्हातारा पायरीवर, तोंड रस्त्याकडं. वाट बघायची सवय ना त्याला. मी खिडकीतून बघत असते. पाटाचं पाणी झुळझुळत असतं, ऊन उसाच्या तुऱ्यांवर रेंगाळतं आणि ओसरीवर ती माणसं हळूहळू जमत जातात. खरं सांगते, एखाद्या दिवशी मलासुद्धा दिसतात.

पण दूधवाल्याची गोष्ट मुक्ताच्या आईच्या कानावर गेली. रविवारी ती आली. म्हणाली, आबा, छापील प्रश्नपत्रिका मागवल्यात; उद्यापासून मुक्ता घरीच सोडवेल. आबांचं तोंड पाणी तोडलेल्या पाटासारखं झालं. "व्हय. तुमची पोर हाय," एवढंच बोलले. त्यांची बायको इंदू गेल्यापासून त्या घरात मुक्ताशिवाय येत होतं कोण?

मुक्ता मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "मग आज परीक्षा तुमची. इंदूआजी दारात आलीय. बसायला काय टाकू?"

आबांनी खुर्चीकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं, पायरीकडं बघितलं.

"ती बसलीच न्हाय कधी," ते म्हणाले. "सैपाकघराच्या दारात उभी असायची."

"मग परत वाचा," मुक्ता म्हणाली.

तिची आई इतका वेळ उभीच होती. तिनं चपला काढल्या, ओसरीवर टेकली आणि प्रश्नपत्रिकांचं पुन्हा नाव काढलं नाही.

दिवेलागणीला आबा आमच्या कुंपणापाशी आले. म्हणाले, "वहिनी, ती तुमच्याकडं यायची तवा बसायची का हो?"

"बसायची की. मागल्या दारी, सीताफळाखाली. पाय लांब सोडून."

"पाय सोडून?"

"व्हय. आणि आल्या आल्या तुमचा आवाज काढून स्वतःलाच विचारायची, बसायला काय टाकू?"



दुसऱ्या दिवशी चारला मी मागलं दार उघडलं. सीताफळाखाली त्यांची चांगली घोंगडी अंथरलेली, पाय सोडता येतील अशी लांब. पुढ्यात चहा. घोंगडीवर कुणीच नव्हतं. आबा शेजारी उभे होते.