प्रमुख पाहुणे जुमा

आमच्या नातीला, अंकिताला, जुळी झाली त्या साली, म्हणजे २०२२ ला, मी घरात जाहीर करून टाकलं होतं की या कराडात माझ्या शब्दानं होणार नाही असं एकही काम नाही! माझी बायको हरणाबाई जुळ्यांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मग माडीवरच्या पोराच्या शेगडीचं बघा. चार दिस पेटली न्हाई."

माडीवर जुमा भाड्यानं राहायचा. टांझानियाचा, समुद्रकाठच्या कोळ्याचा पोरगा, इथं इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. उंच इतका, की आमच्या दारातून आत येताना उंबऱ्याला मुजरा करतोय असं वाटावं. बापाच्या होडीचं इंजिन बिघडलं होतं, घरून पैसे यायचे थांबले होते, आणि पोरगा कुणाला काही न सांगता पाणी पिऊन झोपत होता.

मी म्हटलं, उद्यापासून तुला कामाला लावतो. गुऱ्हाळ, दुकान, कुठं म्हणशील तिथं.

"नगं आप्पा," तो म्हणाला. दोन वर्षांत त्यानं आमची बोली उचलली होती. "माझा व्हिसा शिकायचा हाय. काम धरलं तर घरला पाठवत्यात. बिनडिग्रीचं."

मी व्हिसा मागून घेतला. अक्षरं मी पन्नाशीत शिकलो, ह्याच अंकिताच्या पाटीवर, आणि ती मराठी होती. तरी कागद बराच वेळ उलटासुलटा करून बघितला.

आमच्याकडचं फुकटचं ताटही तो घेईना. मग माझं डोकं चाललं. पगार चालत नाही, पण मान? मान घ्यायला कुठलं सरकार अडवतंय? प्रमुख पाहुण्याला मान मिळतो, आणि मानाच्या मागून जेवण येतंच!

भाऊसोच्या दूध केंद्राचं उद्घाटन होतं. मी शब्द टाकला. परदेशी पाहुणा फुकटात मिळतोय म्हटल्यावर भाऊसो हरखला. जुमानं फीत कापली, टाळ्या झाल्या. त्याला टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. आणि अर्धा कप चहा. जेवण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं होतं.

वाटेत त्यानं विचारलं, "आप्पा, हा पगार तर न्हाई ना?"

"न्हाई रं. मान हाय."

पुढच्या आठवड्यात क्रिकेटचं बक्षीस वाटप. मग सलूनचं उद्घाटन. मग एका बोअरचं पूजन त्याच्या हातून झालं, आणि नेमकं पाणी लागलं! झालं, जुमाचा हातगुण पंचक्रोशीत पसरला. दारात मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. खंडाळ्यापासून मिरजेपर्यंतची आमंत्रणं. सगळीकडं टॉवेल, टोपी, नारळ. माडीवर टॉवेलांची थप्पी चढली, आणि नारळ तर देवळातल्या पुजाऱ्याकडंसुद्धा नसतील एवढे. पोट मात्र रिकामंच.

शेवटी हरणाबाईनंच नारळ फोडायला घेतले. जुमानं खोबरं वाटून दूध काढलं, त्यात वाघ्या घेवडा शिजवला. म्हणाला, माझी आई असाच करते. त्या दिवसापासून दोघं एका शेगडीवर रांधू लागली. म्हणजे जेवणाचा प्रश्न बायकोनं सोडवला, आणि मी आपला तारखा देत बसलो.

आणि मग कॉलेजातून सोनिया मॅडमचा फोन आला. परदेशी मुलांचं त्याच बघायच्या. मी टोपी घालून गेलो.

"आप्पा, जुमाची हजेरी पार खाली गेलीय," त्या म्हणाल्या. "अशीच राहिली तर मला वर कळवावं लागेल. मग त्याचा व्हिसा जाईल."

मी छाती काढून सांगितलं, की त्यानं एक दिवस कुणाचं काम केलेलं नाही, नुसता मान घेतलाय.

"काम करायचं नाही हे बरोबर. पण तो इथं शिकायला आलाय. वर्गात बसायला नको?"

कामानं व्हिसा गेला असता, तो मी मानानं घालवत होतो! मॅडम पुढं म्हणाल्या, घरून पैसे येईपर्यंत अशा मुलांची मेसमध्ये सोय होते, पहिल्याच दिवशी विचारायचं होतंत. कराडात माझा शब्द चालतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जुमा वर्गात बसू लागला. पण तारखा दिलेल्या होत्या. त्या सगळ्या कार्यक्रमांना त्याच्या जागी मी गेलो. लोक माझ्या मागं बघायचे, खरा पाहुणा अजून गाडीतून उतरायचाय म्हणून.

हजेरी भरली, व्हिसा राहिला. जुमा पास होऊन गेला, आता तिकडं बंदरावर इंजिनियर आहे. बापाच्या होडीला नवं इंजिन त्यानंच घेतलं.

तो जायच्या आधी हरणाबाईचं तेरावं झालं. दुखवट्याला आमच्याकडं पाहुणे टॉवेल-टोपी घेऊन येतात. सगळ्यांच्या शेवटी जुमा आला, दाराला मुजरा करून. त्यानं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. त्यावर भाऊसोच्या दूध केंद्राचं नाव छापलेलं होतं. मग त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, कशाला रं खर्च केलास.

"खर्च न्हाई आप्पा," तो म्हणाला. "मान हाय. आजीचा."

टोपी मला घट्ट होते, तरी मी तीच घालतो.

हरणाबाई २०२३ साली, तुळशीच्या लग्नादिवशी सकाळी वारली.