निकमकाका आणि खोटा भोंगा

आमच्या शेजारच्या निकमकाकांनी दारावरची बेल काढून टाकली होती आणि तिथे पुठ्ठा लावला होता, ‘हाक मारा. एकदाच.’ द्वारका चौकात दिवसभर ट्रकवाले हॉर्नवरचा हात काढत नाहीत. तिथून हाकेच्या अंतरावर हा माणूस शांततेचा हट्ट धरून बसला होता.

काका ओझरच्या विमान कारखान्यात होते. वैमानिकासमोरचे इशाऱ्याचे दिवे लागतात का, भोंगे वाजतात का, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर ते साहजिकच भोंग्यांचे वैरी झाले.

“अरे सुनील,” ते सांगत, “पूर्वी विमान गप्प असायचं आणि वैमानिक बघायचा. आता विमान आपलं आपण उडतं, आणि काही बिनसलं की सगळं एकदम बोंबलतं. इथे लाल दिवा, तिथे पिवळा, कानात भोंगा. बिचारा आधी काय करतो? भोंगा बंद करतो. आणि उंची बघायची राहून जाते!” मग कपाळाला हात लावून ठरलेला प्रश्न, “यातलं महत्त्वाचं कोणतं, ते त्याला कोण सांगणार?”

मी जुनी मारुती घेतली. मागे घेताना ती आरतीची धून वाजवायची. काका मुद्दाम तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“मी मागे आहे म्हणून वाजतेय का ही?”

“नाही हो, रिव्हर्सला कायम वाजते.”

“म्हणजे खोटा भोंगा!”

त्यांच्या लेखी याहून मोठी शिवी नव्हती. मी वायर काढेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. घरी त्यांनी कुकरला रजा दिली होती, वरण पातेल्यात शिजे. मुलाने बंगळूरहून आणलेला मोबाइल थेट गादीखाली गेला. कॉलनी हसायची. मीही हसायचो, कारण कळेपर्यंत.

कारण असं की, एका संध्याकाळी निकमांकडे टीव्ही चालू होता, कुकर शिट्ट्या देत होता, तेवढ्यात फोन खणखणला आणि दारावरची बेलही वाजली. काकांनी गॅस बंद केला, फोन घेतला, दार उघडलं. दारात गणपतीचे वर्गणीवाले. त्यांची बोळवण केल्यावर मोरीतून काकूंचा आवाज आला. छातीत कळ येऊन त्या खाली बसल्या होत्या आणि केव्हाच्या हाका मारत होत्या. जन्मभर भोंगे तपासलेल्या माणसाला सगळ्यात हळू आवाज सगळ्यात शेवटी ऐकू आला.

काकू वाचल्या. त्या दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी बेल निघाली. काकूंच्या उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा आला. वाटी वाजली की काका असतील तिथून धावत.

पुढे काकू चांगल्या हिंडूफिरू लागल्या, तरी वाटी वाजतच राहिली. एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकू आरामात मेथी निवडत होत्या. मधेच त्यांनी चमचा उचलला आणि वाटीवर दोनदा वाजवला. गॅलरीतून काका पाण्याचा तांब्या घेऊन हजर.

“काय झालं?”

“काही नाही.”

तांब्या ठेवून काका परत गेले. चेहरा असा, की आताच बक्षीस मिळालंय.

काकू मूळच्या नामपूरच्या, बोली अजून तिकडचीच. गॅलरीकडे बघत हळूच म्हणाल्या, “मी आते बरी शे, भाऊ. पन वाटी वाजाडी नई तं त्यासले करमस नई.”

मला राहवलं नाही. निघताना काका सोडायला जिन्यापर्यंत आले, तिथे मी त्यांना गाठलं. “काका, काकूंना काहीसुद्धा होत नाही. हा तर खोटा भोंगा!”

मला वाटलं, आता भडकणार. पण ते कठड्याला टेकून उभे राहिले.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “पहिल्या महिन्यातच कळलं. तिला सांगू नकोस. अरे, वाजला की एवढं तरी समजतं, की ती आहे.”

मला त्यांची फार माया वाटली. तसं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तोच आत वाटी वाजली. मला तिथेच सोडून काका आत पळाले.